आधी ताळा, मग स्थलांतर: जुन्या सॉफ्टवेअरमधला धंद्याचा डेटा नव्यात नेण्याची क्रमवार पद्धत

इंदूरला सियागंजात जा, दवा बाजारात जा किंवा सांवेर रोडच्या कारखान्यांत, नवं सॉफ्टवेअर घेतलेल्यांची तक्रार एकच असते: डेटा तर आला, पण आकडे जमत नाहीत. दोष नव्या सॉफ्टवेअरला दिला जातो. प्रत्यक्षात घोळ बहुतेक वेळा डेटा हलवण्याआधीच झालेला असतो. काय न्यायचं ते ठरलेलं नसतं, जुनी खाती साफ केलेली नसतात आणि पोहोचलेला आकडा कशाशी ताडायचा हे कुणी कागदावर उतरवलेलं नसतं. मग एप्रिलमध्ये गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊसाहेब, हे बिल तर मी फेब्रुवारीतच चुकवलं," आणि दुकानात कुणाकडेच उत्तर नसतं.

पुढची पद्धत छोट्या आणि मध्यम व्यवसायांसाठी आहे: फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमध्ये बनवून घेतलेला प्रोग्रॅम, जुनी टॅली किंवा वर्षानुवर्षं वाढत गेलेल्या एक्सेल फायली. उदाहरणं किराणा-मसाल्याच्या घाऊक दुकानाची घेतली आहेत. टप्प्यांचा क्रम मात्र कुणीही बदलू नये.

## टप्पा १: जुनं यंत्र जसंच्या तसं जपा

पहिलं काम म्हणजे नक्कल. फक्त डेटाच्या फायलींची नाही, प्रोग्रॅमसकट पूर्ण फोल्डरची. दोन वेगळ्या माध्यमांवर घ्या, त्यातली एक नक्कल दुकानाबाहेर ठेवा.

फॉक्सप्रोमध्ये नेहमीची चूक म्हणजे फक्त डीबीएफ, म्हणजे टेबलांच्या, फायली उचलणं. लांब मजकुराचे रकाने, म्हणजे शेरे, पत्ते, मालाचं वर्णन, बहुधा शेजारच्या एफपीटी किंवा डीबीटी फायलीत असतात. ती राहून गेली तर रकाना दिसतो, मजकूर नसतो, कधी टेबलच उघडत नाही.

टॅलीत दुसरा धोका आहे. एकदा नव्या आवृत्तीत रूपांतर झालेला डेटा जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. म्हणून रूपांतर नेहमी नकलेवर करा, मूळ फोल्डरला हात लावू नका.

हार्डवेअर लॉक (प्रोग्रॅम चालायला संगणकाला जोडावी लागणारी कळ), परवान्याचा क्रमांक, पासवर्ड, प्रोग्रॅम लिहून देणाऱ्याचा फोन, हे सगळं आत्ताच एका जागी लिहून ठेवा. चौसष्ट बिटच्या विंडोजवर जुने सोळा बिटचे डॉस प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. तेव्हा जुना संगणक भंगारात घालण्याआधी तो प्रोग्रॅम डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) किंवा आभासी यंत्रावर उघडतो का, ते करून बघा.

तपासा: नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडा. मागच्या वर्षाचं कुठलंही एक बिल आणि एका गिऱ्हाइकाचा खातेउतारा दिसला पाहिजे. न उघडून बघितलेली नक्कल नक्कल धरू नका.

## टप्पा २: काय न्यायचं ते ठरवा

"सगळंच घेऊन या" हे मालकांचं आवडतं वाक्य, आणि सगळ्यात महाग पडणारं. पंधरा वर्षांची बिलं नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतली की पंधरा वर्षांच्या चुकाही सोबत येतात. २०१७च्या १ जुलैआधीच्या नोंदींमध्ये व्हॅट आहे, अकरा आकडी टिन (व्हॅटचा नोंदणी क्रमांक) आहे. नव्या सॉफ्टवेअरच्या जीएसटीच्या चौकटीत त्या कुठेच बसत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. नव्यात चार गोष्टी जाव्यात: चालू गिऱ्हाइकं आणि पुरवठादार, चालू माल, सुरुवातीच्या शिलका, आणि वर्षाच्या मधोमध बदल करत असाल तर चालू आर्थिक वर्षाचे व्यवहार. बाकीचं जुन्यातच राहू द्या, पण वाचता येईल असं.

जुन्या वह्या किती काळ ठेवायच्या हे कायद्याने ठरवलेलं आहे. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने, आणि कंपनी असेल तर कंपनी कायद्याप्रमाणे आठ आर्थिक वर्षं. प्रकरण अपिलात असेल तर त्याहून जास्त. नव्यात न्यायचं नाही याचा अर्थ पुसून टाकायचं असा होत नाही.

## टप्पा ३: बेरजांचा कागद तयार करा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि माझ्या मते सगळ्या कामाचा कणा हाच आहे. डेटा हलवण्याआधी जुन्या सॉफ्टवेअरमधून पुढचे आकडे काढून एका कागदावर लिहा, तारीख घाला, मालक आणि मुनीमजी दोघांच्या सह्या घ्या:

- कच्चा ताळेबंद: नावे आणि जमा दोन्ही बाजूंची बेरीज
- गिऱ्हाइकांची संख्या आणि एकूण येणं. पुरवठादारांची संख्या आणि एकूण देणं
- उलट्या शिलका वेगळ्या: ज्यांचे आगाऊ पैसे जमा आहेत अशी गिऱ्हाइकं, ज्यांना आपण आगाऊ दिलं असे पुरवठादार
- मालाच्या प्रकारांची संख्या, एककवार साठा (क्विंटल वेगळे, कट्टे वेगळे, डबे वेगळे) आणि साठ्याचं मूल्य
- बँका, रोख, वटायचे राहिलेले चेक
- जीएसटीचं प्रत्येक खातं स्वतंत्र. आणि पोर्टलवरच्या क्रेडिट लेजरची शिलकही शेजारीच
- शेवटच्या बिलाचा क्रमांक, प्रत्येक मालिकेचा

यात एक बेरीज मी मुद्दाम सुचवतो, जिला हिशेबात काहीच अर्थ नाही: सगळ्या गिऱ्हाइकांच्या कोड क्रमांकांची बेरीज. रकमांची बेरीज जुळली तरी एखादं शून्य शिलकेचं खातं गळलेलं असू शकतं किंवा एखाद्या खात्याचा कोड बदललेला असू शकतो. कोडांची बेरीज ते लगेच दाखवते.

सावधान: हे आकडे छापील अहवालातून बेरीज करून काढू नका. जुन्या प्रोग्रॅमच्या अहवालात पानाखाली "पुढे नेले" आणि पानावर "मागून आणले" अशा ओळी असतात. तो अहवाल तसाच एक्सेलमध्ये नेला की त्या रकमा पुन्हा धरल्या जातात.

## टप्पा ४: साफसफाई जुन्यातच करा

"नव्यात गेल्यावर बघू" म्हटलं की ते कधीच होत नाही. तिथे पहिल्या दिवसापासून बिलं सुरू होतात आणि दुबार खात्यांवर नवे व्यवहार चढत जातात.

दुबार खाती. देवासचं एकच गिऱ्हाईक तीन नावांनी असतं: "गुप्ता देवास", "गुप्ताजी किराणा" आणि इंग्रजीत टाइप केलेलं तिसरं. मराठी आडनावांचा आपल्याकडे वेगळाच प्रश्न आहे. हिंदी टायपिंग करणारा मुलगा "काळे"चं "काले" करतो, "मुळे"चं "मुले". नावावरून जुळवायला गेलात तर ही जोडी सापडत नाही. आधी जीएसटीआयएन (जीएसटीचा नोंदणी क्रमांक), मग मोबाइल, मग गाव, या क्रमाने जुळवा. नाव सगळ्यात शेवटी.

जीएसटीआयएन. पंधरा अक्षरं. पहिली दोन राज्याचा कोड, पुढची दहा पॅन, तेरावं त्याच पॅनवरच्या नोंदणीचा क्रम, चौदावं बहुधा झेड, शेवटचं पडताळणीचं. पहिली दोन आणि पत्त्यातलं राज्य जुळतं का ते बघा: मध्य प्रदेश २३, गुजरात २४, महाराष्ट्र २७, राजस्थान ०८. शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल सगळ्यात जास्त इथेच सापडते.

बँकांची नावं. स्टेट बँक ऑफ इंदौर २०१० मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. देना आणि विजया २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. सिंडिकेट, अलाहाबाद, कॉर्पोरेशन यांचं २०२० मध्ये विलीनीकरण झालं. पुरवठादारांच्या नोंदीत हे जुने आयएफएससी कोड अजून पडलेले असतात. प्रत्येकाकडून नवा मागवून घ्या.

पुसलेल्या नोंदी. फॉक्सप्रोत नोंद पुसली म्हणजे तिच्यावर फक्त खूण होते. "पॅक" ही आज्ञा दिल्याशिवाय ती फायलीतून जात नाही. बाहेरच्या साधनाने डीबीएफ वाचली की रद्द केलेली बिलं परत जिवंत होऊ शकतात. पॅक करायचं ते नकलेवरच.

उणे साठा. कागदावर हळदीचे कट्टे वजा दिसत असतील तर खरेदीची नोंद राहिली आहे किंवा दुसऱ्याच नावावर चढली आहे. गोदामात जाऊन मोजा, जुन्यात दुरुस्त करा. उणे साठा घेऊन नव्यात शिरलात तर सरासरी भाव पहिल्या दिवसापासून चुकत जातो.

साफसफाई झाली की टप्पा ३चा कागद पुन्हा काढा. पहिला फाडू नका. दोन्हींतला फरक म्हणजे तुम्ही केलेली दुरुस्ती, आणि ती सीएंना समजावून सांगता आली पाहिजे.

## टप्पा ५: डेटा बाहेर काढा, एक्सेलवर नजर ठेवून

डेटा जुन्यातून नव्यात जाताना मधे बहुतेकदा एक्सेल असतं, आणि सगळ्यात जास्त गुपचूप नुकसान तिथेच होतं. फाइल डबल-क्लिक करून उघडली, सेव्ह केली, झालं.

चहाचा एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) ०९०२. एक्सेल त्याला संख्या समजतं आणि ९०२ करून ठेवतं. जिरं-धणे ०९०९चे ९०९, हळद ०९१०ची ९१०, डाळी ०७१३च्या ७१३. मसाल्याच्या दुकानाचा अर्धा माल इथेच बिघडतो, आणि जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरण भरायला बसेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. इंदूरचा एसटीडी कोड ०७३१ तसाच ७३१ होतो. राजस्थानच्या गिऱ्हाइकांचा राज्य कोड ०८चा नुसता ८ राहतो. नव्या सॉफ्टवेअरला राज्य ओळखता आलं नाही आणि त्याने आपलंच राज्य धरलं, तर राज्याबाहेरच्या विक्रीवरच्या आयजीएसटीच्या जागी राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लागतो.

लांब क्रमांकांचंही तसंच. एक्सेल संख्येचे पहिले पंधरा अंकच नेमके ठेवतं, पुढचे शून्य होतात. सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक असा कायमचा जातो, नंतर रकाना "मजकूर" केला तरी परत येत नाही.

तारखांमध्ये आणखी फसगत आहे. संगणकावर अमेरिकी पद्धत लावलेली असेल तर ०३/०४ म्हणजे ३ एप्रिलचं ४ मार्च होतं, म्हणजे व्यवहार थेट मागच्या आर्थिक वर्षात जातो. आणि २५/०४ ही तारीख त्याला कळतच नाही, म्हणून ती मजकूर म्हणून राहते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे चिकटलेल्या आणि काही उजवीकडे दिसल्या, तर हेच झालंय.

उपाय एकच: फाइल थेट उघडू नका. एक्सेलच्या "डेटा" मेनूतून मजकूर किंवा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) आयात करा आणि तिथेच प्रत्येक कोड, फोन, खाते क्रमांक यांचा रकाना "मजकूर" ठरवा. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमात घ्या.

आणखी दोन गोष्टी. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात, त्यापुढच्या गळतात. आणि पत्त्यातला स्वल्पविराम सीएसव्हीमध्ये रकाना फोडतो. "१२, सियागंज" अवतरण चिन्हांत नसेल तर १२ एका रकान्यात, सियागंज दुसऱ्यात, आणि पुढचे सगळे रकाने एक घर सरकलेले.

### कृतिदेवमधली नावं

मध्य प्रदेशात जुना हिंदी डेटा बहुतेक कृतिदेव या फाँटमध्ये असतो. त्यात देवनागरी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेल्या असतात इंग्रजी कळा, त्या फाँटमुळे हिंदी दिसतात. फाँट बदलला की अर्थहीन रांगा उरतात. म्हणून युनिकोडमध्ये रूपांतर हे स्वतंत्र काम धरा.

आधी इंग्रजीत लिहिलेली नावं वेगळ्या फायलीत काढा, नाहीतर रूपांतरक त्यांचाही चिवडा करतो. मग रूपांतर करा आणि खासकरून दोन जागा डोळ्यांनी तपासा: ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. "शर्मा", "वर्मा", "दिनकर", "किर्लोस्कर" अशी नावं शोधून बघा. हिंदीतला नुक्त्याचा "ड़" युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. दिसायला सारखा, पण संगणक त्यांना वेगळे मानतो. त्यामुळे "राठौड़" शोधलं तर अर्धेच राठौड़ सापडतात. फाइल सेव्ह करताना "सीएसव्ही यूटीएफ-८" हाच प्रकार निवडा, साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

तपासा: बाहेर काढलेल्या फायलीतल्या ओळी, रकमांची बेरीज आणि कोडांची बेरीज टप्पा ३च्या दुरुस्त कागदाशी जुळवा. इथे न जुळलेला आकडा पुढे आपोआप जुळत नाही.

## टप्पा ६: आत घालण्याचा क्रम

१. एककं (किलो, क्विंटल, कट्टा, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण)
२. खात्यांचे गट, मालाचे गट, गोदामं
३. कराचे दर आणि एचएसएन
४. गिऱ्हाइकं, पुरवठादार, इतर खाती
५. माल
६. सुरुवातीचा साठा
७. सुरुवातीच्या शिलका, बिलवार
८. चालू वर्षाचे व्यवहार, असतील तर

क्रम उलटा झाला की सॉफ्टवेअर अडतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे स्वतःच नवी खाती बनवून पुढे जातं. कट्ट्याचं प्रमाण मालागणिक वेगळं असतं, तीस किलोचा कट्टा आणि पन्नास किलोचा कट्टा एकाच नावाने नोंदवू नका.

सातव्या पायरीवर थांबतो, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे होते. समजा एका गिऱ्हाइकाकडे १,८४,५०० रुपये येणं आहे. त्यात १२ जानेवारीचं १,१०,०००चं बिल, २० फेब्रुवारीचं ९२,०००चं बिल, आणि कुठल्याच बिलाला न लावलेली १७,५००ची जमा. घाईत फक्त १,८४,५०० हा एक आकडा १ एप्रिलच्या तारखेने चढवला जातो. ताळेबंद जुळतो, सगळे खूश. पण आता सॉफ्टवेअरच्या लेखी सगळं येणं आजचंच आहे. अडीच महिन्यांहून जुनं बिल वसुलीच्या यादीत सगळ्यात वर असायला हवं, ते यादीतूनच गायब होतं. गिऱ्हाईक "जानेवारीवाल्या बिलाचे" म्हणून पैसे पाठवतं तेव्हा ते बिल सापडत नाही. पुरवठादारांच्या बाजूला हे आणखी महागात पडतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, आणि दिवस मोजायला मूळ तारीखच उरलेली नसते.

तेव्हा प्रत्येक थकीत बिल त्याच्या मूळ क्रमांकाने, मूळ तारखेने आणि उरलेल्या रकमेने न्या. न लावलेली जमाही वेगळी दाखवा. यात बरेच दिवस जातात. जाऊ द्या.

सावधान: नावे-जमाचं चिन्ह. काही जुने प्रोग्रॅम जमा रक्कम वजा चिन्हाने देतात, काही शेजारी अक्षर लिहून. आधी फक्त पाच खाती आत घालून बघा: एक साधं गिऱ्हाईक, एक आगाऊ पैसे दिलेलं गिऱ्हाईक, एक पुरवठादार, एक बँक, एक कर्ज. पाचही योग्य बाजूला बसली तरच पुढे चला.

## टप्पा ७: रंगीत तालीम

खऱ्या बदलाआधी सगळं एकदा नव्या सॉफ्टवेअरमध्ये चाचणीसाठी उघडलेल्या वेगळ्या कंपनीत करा, शेवटपर्यंत. वेळ टिपून ठेवा, म्हणजे खऱ्या दिवशी किती तास लागतील ते कळेल. नंतर बेरजांचा कागद जुळवा. बेरीज जुळली तरी थांबू नका, कारण दोन खात्यांच्या शिलका एकमेकांत गेल्या असतील तर एकूण बेरीज बरोबरच येते. सर्वांत मोठी वीस येणी, कुठलीही वीस खाती आणि उलट्या शिलकेची सगळी खाती एकेक करून ताडा.

हे काम मुनीमजींना द्या. त्यांना संगणक कितपत येतो याला इथे महत्त्व नाही. कुठल्या गिऱ्हाइकाची शिलक किती असायला हवी हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांचा अनुभव आणि पडद्यावरचा आकडा यांचा मेळ बसेना, तर आधी पडद्यावर संशय घ्या.

मग खऱ्यासारखी दहा बिलं बनवा: राज्यातलं, राज्याबाहेरचं, परत आलेल्या मालाचं, हमाली लावलेलं, पैशांचं पूर्णांकन होणारं. छापून बघा.

## टप्पा ८: बदलाचा दिवस

१ एप्रिल सगळ्यात सोयीचा, कारण वर्ष नवं आणि बिलांची मालिका नवी. मार्चअखेरच्या धावपळीत मात्र तयारी होत नाही, ती फेब्रुवारीतच संपवा. मधेच बदलायचं असेल तर महिन्याची पहिली तारीख निवडा. बिलाचा क्रमांक जीएसटीच्या नियमाप्रमाणे सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये. म्हणून नव्या सॉफ्टवेअरला वेगळा उपसर्ग द्या.

जुन्यात नोंदी बंद करायची वेळ ठरवा आणि त्या वेळी पासवर्ड बदला. "फक्त हे एकच बिल जुन्यात टाकतो" हे वाक्य ऐकू आलं तर नाही म्हणा. त्या एका बिलापायी पुढे दोन दिवस फरक शोधत बसावं लागतं.

परतीची वाटही आधी लिहून ठेवा: सुटीच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत ताळा जमला नाही तर सोमवारी दुकान जुन्यावरच उघडेल. हा निर्णय थकलेल्या माणसांनी रात्री अकराला घ्यायचा नसतो.

सावधान: विक्रेत्याच्या माणसाला पूर्ण डेटा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. त्यात लोकांचे फोन, पॅन, बँक खाती असतात. काम झाल्यावर त्यांच्याकडची नक्कल पुसली हे लेखी घ्या.

## टप्पा ९: पहिला महिना आणि ऑडिटनंतर

निदान एक पूर्ण जीएसटी चक्र होईपर्यंत रोजची विक्री, रोख आणि बँक यांची बेरीज हातानेही लिहा. मासिक विवरण भरणाऱ्यांनी ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरण) नव्यातून काढून ओळ न् ओळ तपासावं. पहिल्या विवरणात एचएसएनवार गोषवारा आधी उघडा. टप्पा ५मधली शून्यं गळली असतील तर तिथे दिसतील. कंपनी असेल तर बदलांची नोंद ठेवणारी सोय सुरू आहे का, तेही पहिल्याच दिवशी बघा. १ एप्रिल २०२३पासून ती कंपन्यांना बंधनकारक आहे.

सहा महिन्यांनी विसरलं जाणारं काम वेगळंच. १ एप्रिलला नेलेल्या शिलका ऑडिटआधीच्या असतात. नंतर सीए घसारा, तरतुदी, साठ्याचं मूल्य यांत दुरुस्त्या करतात, त्या जुन्या वर्षात चढतात आणि नव्यातली सुरुवातीची शिलक तशीच राहते. पुढच्या वर्षी ताळेबंद का जुळत नाही हे शोधताना सगळ्यांच्या नाकी नऊ येतात. ऑडिट सही होऊन आलं, की त्याच आठवड्यात अंतिम ताळेबंद समोर ठेवून प्रत्येक खात्याची सुरुवातीची शिलक दुरुस्त करा आणि बेरजांचा तिसरा, शेवटचा कागद काढा.

ते तिन्ही कागद, जुन्या सॉफ्टवेअरचे पासवर्ड, परवाना आणि हार्डवेअर लॉक एका फायलीत ठेवा. जुना प्रोग्रॅम दर सहा महिन्यांनी एकदा उघडा आणि त्यातला एक खातेउतारा छापून बघा. टप्पा २मधली मुदत संपेपर्यंत हे चालू राहू द्या.